अकरावा टेक

लोक गाण्यांसाठीच यायचे, हे खरंच.
इन्साफ रुश्दी पडद्यावर तोंड उघडायची
आणि कैरोतलं अख्खं थिएटर पुढे झुकायचं,
एका अंगाला माणसं झालेल्या होडीसारखं.
बोलण्याचे सीन आले की
पुरुष बाहेर जाऊन सिगारेट ओढून यायचे.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. संकलनाच्या खोलीत
मदाम कॅलिओपीच्या हाताखाली. फिल्म पुसायची,
तुकड्यांवर नंबर घालायचे आणि गप्प बसायचं.
मदाम ग्रीक. अरबी बोलायची ती मंडईतली,
शिव्यांसकट. पण कात्री हातात असली
की अवाक्षर नाही.

सीन असा: मुलीचं लग्न.
आई बिदागीवर गायला आलीय त्याच घरात,
सतरा वर्षांपूर्वी जिथून तिला हाकललं.
नवरी सहज विचारते, 'बाई, तुम्ही कुठल्या?'
आणि तिनं म्हणायचं, 'मी इथली कोणी नाही.'

चार शब्द.
रेडिओवर एकेक ओळ पाव-पाव तास घोळवणाऱ्या बाईला
चार शब्द बोलता येईनात.
पहिल्या टेकला ती ते जवळजवळ गायलीच.
तिसऱ्याला हात छातीशी नेला.
पाचव्याला रडली, आणि ते रडणंही सुरात होतं.
बेहजत बे यांनी डोक्यावरची टोपी जमिनीवर आपटली.
सातव्यानंतर जेवण. भेंडीचं कालवण, भात. ती जेवली नाही.
आठ, नऊ, दहा कसे झाले ठाऊक नाही,
ते रीळ लॅबमध्येच खराब झालं.

अकरावा मी शंभरदा पाहिला असेन.

नवरी विचारते.
ती ऐकते. उत्तर देत नाही.
नजर जाते नवरीच्या बाहीकडे,
तिथे शिंप्याचा एक दोरा लोंबत राहिलाय.
कागदावर असं काही नव्हतं.
ती वाकते, बाही ओठांशी नेते
आणि दोरा दातांनी तोडते.
कट्.
मग, दोरा ओठाला चिकटलेला तसाच,
चार शब्द.
दुकानदाराला सुटे पैसे मागावेत तसे.

बेहजत बे म्हणाले, 'काढा हे. लोक शिट्ट्या मारतील.
सरळ गाण्यावर जा.'
मदामनं मशीन मागे घेतलं. पुन्हा पुढे. पुन्हा मागे:
दोरा जोडला जायचा, बाही खाली यायची,
बाई परत परकी व्हायची.
'ही पोर आधी कपडे शिवायची,' मदाम म्हणाली.
'कोणी सांगितलं?'
'दातांनी. इस्कंदरियात माझी आई
असाच तोडायची. न बघता.'
आणि कात्री खिशात घालून
खिडकीशी जाऊन उभी राहिली.
बे बराच वेळ थांबले. मग गेले.
त्या दिवशी आम्ही काहीच कापलं नाही.

पहिल्या खेळाला मी गॅलरीत होतो.
सीन आला. उठणारे उठले,
दारापर्यंत पोचलेही.
कट्.
तिथेच उभे राहिले, न पेटवलेल्या सिगारेटी बोटांत.
शेंगदाणेवाला पोऱ्या टोपली कमरेशी धरून.
शिटी एक वाजली, नाही म्हणत नाही.
पाठोपाठ कोणाच्या तरी कानाखालीही वाजली.
मग गाणं सुरू झालं. ते त्या दिवशी कसं झालं
विचाराल, तर आठवत नाही.

गाणं अजून आहे. न्हाव्याकडे, टॅक्सीत,
फळांच्या गाड्यावर लटकवलेल्या रेडिओत.
रेडिओवर दोरा ऐकू येत नाही.

मदाम पुढे बोटीनं पिरेयसला गेली, कायमची.
जाताना मला कात्री दिली आणि एक चपटा डबा:
जादा प्रिंटमधल्या आठ चौकटी.
दिवे गेले नसतील तर रात्री बल्बसमोर धरतो.
सातवीत दोरा आहे.
आठवीत नाही.
दोहोंमध्ये एक काळी रेघ, केसाएवढी.
ते तिथे झालं.